सवय आणि खंड : मूकपटातील अभिनयाचे विवेचन

मूकपटातली माणसे मुकी नसतात. ती बोलतात, भांडतात, विनवण्या करतात. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही, एवढेच. १९२६ मध्ये ‘व्हॉट प्राइस ग्लोरी’ हा अमेरिकी युद्धपट पडद्यावर आला तेव्हा ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणाऱ्या प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, की पडद्यावरचे सैनिक अर्वाच्य शिव्या देत आहेत. दृश्यांमध्ये येणाऱ्या पाट्यांवरचा मजकूर मात्र सोज्वळ होता. या किश्श्यात विवेचनाला उपयोगी पडणारा एक भेद दडलेला आहे. रंगमंचावर मूकाभिनय करणाऱ्या कलावंताच्या जगात बोलणेच नसते. तो नसलेली भिंत चाचपतो, नसलेला दोर ओढतो. मूकपटाच्या जगात बोलणे असते, भिंत खरी असते, दोरही खराच असतो. फक्त बोलण्याचा आशय गाळला गेलेला असतो. म्हणून मूकपटाच्या नटापुढचा प्रश्न ‘शब्दांऐवजी काय करू?’ असा नसतो. ‘शब्द ऐकू गेले नाहीत तरी काही अडणार नाही, असे मी काय करतो आहे?’ असा असतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘बोलका चेहरा’ या दोन शब्दांत दिले जाते. मला ते अपुरे वाटते. मूकपटांच्या इतिहासातले काही सर्वांत गाजलेले चेहरे तर जवळजवळ हलतच नाहीत. येथे मांडायचे आहे ते असे: मूकपटात पात्राचा स्वभाव त्याच्या सवयीतून कळतो आणि त्याच्या मनातला भाव त्या सवयीत पडलेल्या खंडातून. सवय आधी नीट बसलेली नसेल तर खंड दिसतच नाही. मग नटाने डोळे कितीही विस्फारले तरी प्रेक्षकाला फक्त विस्फारलेले डोळे दिसतात.

संकेत, उद्गार, व्यापार

पडद्यावर दिसणाऱ्या हालचालींचे ढोबळमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला संकेताचा. ओठांवर बोट ठेवले की ‘गप्प’, पोटावरून हात फिरवला की ‘भूक’, बोटाभोवती अंगठीची खूण केली की ‘लग्न’. येथे हालचाल शब्दाच्या जागी बसते. बधिर लोकांची खुणांची भाषा ही याहून फार पुढची गोष्ट, व्याकरणासकट पूर्ण भाषा आहे. लॉन चेनी या नटाचे आईवडील बधिर होते आणि घरातल्या त्या भाषेने त्याची बोटे आणि नजर तयार केली, असे त्याच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. सुरुवातीच्या चित्रपटांतले संकेत मात्र सुटे, विस्कळीत शब्द होते. त्यांतून गोष्ट कळे, माणूस कळत नसे.

दुसरा वर्ग उद्गाराचा. छातीवर हात, आकाशाकडे पसरलेले बाहू, कपाळाला लावलेली मनगटाची मागची बाजू. यांत शब्द नाही, भाव आहे. पण तो आधीच ठरलेल्या साच्यातून येतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रांस्वा देल्सार्त (१८११–१८७१) यांनी गायक-वक्त्यांसाठी देहबोलीची एक पद्धत शिकवली. त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत तिच्या सुलभ आवृत्त्या निघाल्या आणि कोणत्या भावाला कोणती मुद्रा याची सचित्र पुस्तके घरोघर गेली. मूळ पद्धतीवर हा अन्यायच म्हणावा लागेल. सारा बर्नहार्ट यांचा १९१२ चा ‘क्वीन एलिझाबेथ’ आज पाहताना याच वर्गाचे वैभव आणि मर्यादा एकदम दिसतात. कॅमेरा दूर उभा, राणी आपादमस्तक दिसते, आणि मरताना ती उशांच्या ढिगावर पुढे कोसळते. हा अभिनय वाईट नाही. तो नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी मोजून केलेला आहे, आणि कॅमेरा शेवटच्या रांगेत बसत नाही.

तिसरा वर्ग व्यापाराचा: पात्र काहीतरी करत असते आणि त्या करण्यात भावाची चाहूल लागते. बाई ताट पुसते आहे. हात मध्येच थांबतो. पुन्हा पुसू लागतो, पण आता नको तितक्या जोराने. येथे ‘काळजी’ नावाची कोणतीही मुद्रा केलेली नाही, तरी काळजी दिसते. अमेरिकेत बायोग्राफ कंपनीसाठी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०८ ते १९१३ या काळात शेकडो लघुपट केले. रॉबर्टा पिअर्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या चित्रपटांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले आहे, की साचेबंद, ठळक, सुट्या मुद्रांकडून बारीक, एकमेकांत मिसळणाऱ्या हालचालींकडे अभिनय याच पाच-सहा वर्षांत सरकला. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये आस्टा नील्सन यांनी ‘आफग्रुंडेन’ (१९१०) या पहिल्याच चित्रपटात हे साधले होते. प्रियकराचा खून केल्यानंतर पोलीस नायिकेला घेऊन जातात तेव्हा ती आक्रोश करत नाही, हातवारे करत नाही. ती नुसती चालते. चालण्यातली शुद्ध हरपली आहे, हे सगळे सांगून जाते.

हे तीन वर्ग म्हणजे चढत्या पायऱ्या आहेत असे मात्र समजू नये. चॅप्लिनच्या ‘द पिल्ग्रिम’ (१९२३) मध्ये धर्मोपदेशकाचा वेश घेतलेला एक पळालेला कैदी चर्चमध्ये अचानक प्रवचनाला उभा राहतो आणि डेव्हिड-गोलायथची गोष्ट निव्वळ संकेतांनी सांगतो: राक्षसाची उंची, गोफणीचा फटका, कापलेले मुंडके. सभा थंड, टाळ्या वाजवतो एकटा एक लहान मुलगा. चॅप्लिनने येथे संकेताचा जुना प्रकार मुद्दाम पात्राच्या हाती दिला आहे. पात्र नाटक करते, आणि त्या नाटकातून त्याचा स्वभाव उघड होतो. देवळातसुद्धा याला रंगमंचच दिसतो!

यंत्राच्या अटी

सवय आणि खंड यांचे हे तंत्र नटांना आकाशातून सुचले नाही. यंत्राने त्यांना त्याकडे ढकलले. पहिली अट अंतराची. १९१० च्या आसपास व्हायटाग्राफ कंपनीच्या स्टुडिओत कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर रेषा आखलेली असे आणि नट तिथपर्यंत पुढे येत. त्याने पाय फ्रेमबाहेर गेले, चेहरा मोठा झाला, आणि हात कमरेच्या वर ठेवून काहीतरी करत राहणे भाग पडले. पुढे क्लोजअप रुळला तशी हालचाल आणखी आटली.

दुसरी अट वेगाची. हाताने फिरवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे पडत, आणि थिएटरात प्रक्षेपण बहुधा त्याहून जलद होई. पाव सेकंदात केलेला हाताचा झटका म्हणजे जेमतेम चार-पाच चित्रे; पडद्यावर तो आणखी आखडतो. म्हणून मुरलेले नट हालचाल सावकाश सुरू करत आणि तिच्या शेवटी क्षणभर थांबत. हे थांबणे प्रेक्षकाच्या डोळ्याला पकडायला मिळे. आज हेच चित्रपट चुकीच्या वेगाने दाखवले की सगळे नट तुरुतुरु पळतात आणि आपण त्यांच्या अभिनयाला हसतो. दोष कुणाचा, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी अट फिल्मची. विशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग टिपत नसे. लाल ओठ काळे उमटत, त्वचेवरचे डाग गडद होत, निळे डोळे पांढुरके पडत. म्हणून चेहऱ्यावर रंगाचे जाड थर चढवावे लागत, आणि थराखाली बारीक स्नायूंची हालचाल दबे. सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळल्यावर ही अट सैल झाली. कार्ल ड्रायर यांनी ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) रंगभूषेशिवाय चित्रित केला तो या सवलतीच्या बळावर. न्यायाधीशांच्या चेहऱ्यांवरचे चामखीळ आणि सुरकुत्या त्यात पात्रांइतक्याच ठसठशीत दिसतात.

भरताची परिभाषा येथे कितपत चालते

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. मूकपटातून वाचिक वजा झाला, तेव्हा त्याची जागा आंगिकाने भरून काढली असेल, असे आपल्याला सहज वाटते. भरताने मस्तकाच्या तेरा हालचाली, दृष्टीचे छत्तीस प्रकार, भुवयांचे सात, एका हाताच्या चोवीस मुद्रा आणि दोन्ही हातांच्या तेरा एवढी मोठी सामग्री हाताशी ठेवली आहे. पण ती मुख्यतः नाट्यधर्मी आहे. जाणत्या प्रेक्षकाशी झालेल्या करारावर ती चालते. मूकपटाचा प्रेक्षक कोणत्याही गावचा, कोणत्याही भाषेचा होता. त्याच्याशी असा करार नव्हता. त्यामुळे मूकपट लोकधर्मीकडे, म्हणजे रोजच्या वागण्याच्या रीतीकडे, झुकला, आणि वाचिकाची रिकामी जागा आंगिकापेक्षा आहार्याने, म्हणजे कपडे, वस्तू, जागा यांनी अधिक भरली.

सात्त्विक भावांची, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांची, यादी या दृष्टीने पडताळून पाहण्याजोगी आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यांतला स्वरभेद मूकपटात अशक्य. वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, हे काळ्यापांढऱ्या फिल्मवर आणि रंगाच्या थराखाली दिसणार नाही. रोमांच कॅमेऱ्याच्या अंतरावरून हरवतो. स्वेद क्वचित. उरले चार: खिळून जाणे, कापणे, रडणे आणि भान हरपणे. मूकपटातल्या मोठ्या नटांचा अभ्यास केला तर त्यांची सत्ता याच चार प्रांतांत दिसते, आणि त्यांतही सर्वांत जास्त स्तंभात. निर्विकार चेहऱ्याचा विनोदी नट बस्टर कीटन याचे सारे साम्राज्य स्तंभावर उभे आहे.

पण भरताच्या विचारातला खरा उपयोगी भाग दुसराच: विभाव आणि अनुभाव यांची फोड. भावाचे कारण वेगळे, त्याची शरीरावर दिसणारी खूण वेगळी, आणि दोहोंचा संयोग झाल्याशिवाय प्रेक्षकाला काही मिळत नाही. विसाव्या शतकात रशियात लेव्ह कुलेशोव यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाचा अर्थ या फोडीने फार स्वच्छ लागतो. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप घेतला आणि तो आळीपाळीने सुपाची थाळी, शवपेटीतली स्त्री, खेळणारी मुलगी यांच्या दृश्यांना जोडला. प्रेक्षकांनी त्याच्या चेहऱ्यावर भूक, शोक आणि वात्सल्य वाचले व अभिनयाची तारीफ केली, असे दिग्दर्शक पुदोव्हकिन यांनी लिहून ठेवले आहे. ती फिल्म आज नाही आणि तिच्या हकिकतींत फरक आहेत, तरी मुद्दा उरतोच: विभाव बदलला, अनुभाव होता तोच राहिला, आणि भाव बदलला.

चॅप्लिनने हाच प्रयोग उलटा करून ठेवला आहे. ‘द आयडल क्लास’ (१९२१) मध्ये दारुड्या नवऱ्याला बायकोचे पत्र येते: दारू सुटेपर्यंत आपण वेगळे राहू. तो बायकोच्या तसबिरीकडे पाहतो, आपल्याकडे पाठ फिरवतो, आणि त्याचे खांदे हुंदक्यांनी गदगदू लागतात. तो वळतो. हातात कॉकटेलचे भांडे आहे. तो ते मजेत हलवतो आहे. पाठमोऱ्या खांद्यांची तीच हालचाल, आधी हुंदका म्हणून वाचलेली, आता दारू ढवळणे ठरते. नुसता अनुभाव किती लबाड असतो याचे याहून नेमके प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही.

यातून काही टीकाकारांनी एक घाईचा निष्कर्ष काढला: म्हणजे नटाची गरजच नाही, संकलक पुरेसा आहे. येथे मी थांबेन. कुलेशोवच्या प्रयोगात एका दृश्याला एक भाव मिळतो. पण एका भावातून दुसऱ्यात जाणे, दोन भाव एकमेकांशी भांडत असणे, एक लपवताना दुसरा निसटणे, ही व्यभिचारी, म्हणजे क्षणिक, भावांची ये-जा जोडकामाने मिळत नाही. ती अखंड दृश्यात, नटाच्या शरीरावर, वेळेत घडावी लागते. शिवाय मोझुखिन हा काही रस्त्यावरून धरून आणलेला माणूस नव्हता. कोणताही भाव बसेल इतका मोकळा, तरी मठ्ठ न दिसणारा चेहरा धरून ठेवणे हेसुद्धा कसबच आहे.

हातांना काम, भावाला वाट

ग्रिफिथच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) मध्ये लिलियन गिश यांनी केलेली लुसी ही मुष्टियोद्धा बापाच्या मारात वाढलेली मुलगी. बाप दरडावतो, हसून दाखव. तिला हसू येत नाही. ती दोन बोटे ओठांच्या कोपऱ्यांशी नेते आणि ओठ वर ढकलते. डोळे तसेच राहतात. या एका कृतीत किती थर आहेत पाहा. हसण्याची खूण ती हातांनी बनवते, म्हणजे अनुभाव आहे पण भाव नाही. आणि तो नाही हे दिसते म्हणूनच भीतीचा भाव उभा राहतो. पुढे हीच कृती पुन्हा येते तेव्हा ती तिची सवय झालेली असते. शेवटी मरताना ती तीच बोटे ओठांकडे नेते. आता दरडावणारे कोणी जवळ उरलेले नाही, तरी ही कृती होते, आणि स्वभाव म्हणजे अंगात मुरलेली सवय हे सूत्र गिश एकाही वाक्याशिवाय सिद्ध करून दाखवतात.

चेहरा आणि हात यांच्यात भांडण लावून देणे ही मूकपटाची आवडती युक्ती. ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) मध्ये नवऱ्याच्या खटल्याचा निकाल ऐकत बसलेली मे मार्श घ्या. चेहरा त्याला धीर देण्याच्या खटपटीत आहे. ग्रिफिथ मध्येच तिच्या हातांचा क्लोजअप दाखवतात: बोटे एकमेकांत पिळली जात आहेत. बोलपटात ती कदाचित काहीतरी बोलली असती आणि हात अबोल राहिले असते. हे सांगताना ग्रिफिथबद्दल एक टिपण आवश्यक आहे. त्यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) मध्ये युद्धावरून परतलेला मुलगा दाराशी येतो आणि आत दिसत नसलेल्या आईचा नुसता हात बाहेर येऊन त्याला घरात ओढून घेतो. अभिनयाच्या इतिहासातले हे एक अव्वल दृश्य. आणि तोच चित्रपट कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा, कृष्णवर्णीयांविषयी विषारी. हे कसब किळसवाण्या हेतूसाठीही तितकेच चोख चालते.

कीटनकडे वळू. ‘द जनरल’ (१९२६) मध्ये जॉनी ग्रे हा इंजिन ड्रायव्हर. सैन्यात भरती नाकारली गेली आणि प्रेयसीने, गणवेश घातल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस, असे बजावले. तो आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो. इंजिन सुरू होते. दांडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. जॉनी त्याच्यासोबत तसाच बसल्या अवस्थेत वरखाली होतो आणि त्याला पत्ताच नाही. चेहऱ्यावर रेघ हलत नाही. इंजिन शेडमध्ये शिरता शिरता तो भानावर येतो. येथे सवय आणि खंड यांची अदलाबदल झाली आहे. इंजिनाची हालचाल ओळखणे ही या माणसाची सवय. आज ती त्याच्या लक्षात येत नाही, हाच खंड. दुःख त्याने दाखवले नाही. त्याने फक्त इंजिनाकडे दुर्लक्ष केले, आणि इंजिनावर त्याचे किती प्रेम आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. कीटनच्या अभिनयाला थंड म्हणणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे.

आहार्य वाचिकाची जागा कशी घेते हे पाहायचे तर मुर्नाव यांचा ‘डर लेट्स्टे मान’ (१९२४). बर्लिनच्या हॉटेलचा म्हातारा दरवान. त्याच्या अंगावर सोनेरी बटणांचा भरजरी गणवेश. चाळवजा वस्तीत तो गणवेश घालून शिरतो तेव्हा शेजारणी त्याला सलाम करतात. जड ट्रंक उचलून तो दमल्याने व्यवस्थापक त्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला पाठवतो. एमिल यानिंग्स यांनी या माणसाला दोन पाठी दिल्या आहेत. गणवेशातली पाठ ताठ, छाती पुढे, मिशीवरून हात. पांढऱ्या जाकिटातली पाठ वाकलेली, मान खांद्यांत गेलेली. या दोन पाठींमुळे पाट्यांची जवळजवळ गरजच पडत नाही. अखेरच्या जोडप्रसंगाआधीची एक पाटी आणि पत्रावरचा, केकवरचा असा प्रसंगातच आलेला मजकूर सोडला तर चित्रपट न लिहिता चालतो. यानिंग्सचा अभिनय माझ्या चवीला अधूनमधून जाड लागतो. पण गणवेश अंगावरून उतरवला जातो त्या क्षणी तो काहीही करत नाही, उभा असतो, आणि बटणे निघत जातात.

याच्या उलट टोकाला ड्रायर यांच्या चित्रपटातली, फाल्कोनेत्ती या नटीने केलेली जोन. तिला कामच दिलेले नाही. खुर्ची, भिंत, प्रश्न विचारणारे चेहरे. हात बहुतेक वेळा फ्रेमबाहेर. माझ्या सूत्राला हा चित्रपट अपवाद ठरेल असे वरवर वाटते. तसे नाही. जोनची सवय म्हणजे तिचा अढळपणा. प्रश्न आला की नजर वर जाते, उत्तर कुठून तरी मिळते. एका वळणावर ते मिळत नाही आणि ती माफीपत्रावर सही करते. निर्णायक कलाटणी मग एका वस्तूतून येते. तिचे केस कापले गेले आहेत. झाडू मारणारा माणूस ते केस आणि तिने विणलेला गवताचा मुकुट एकत्रच झाडून नेतो. ती ते पाहते. पुढच्या क्षणी तिला आपला कबुलीजबाब मागे घ्यायचा आहे. चेहऱ्यावर जे उमटते त्याला विभाव आहे तो जमिनीवरचा केर.

फाळके, पेंटर आणि आधीच ठाऊक असलेली गोष्ट

आपल्याकडे मूकपटाचा प्रारंभ वेगळ्या पायावर झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वसाधारण प्रेक्षकांना दाखवला गेला तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली होती; फाळक्यांना तो ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक्याचे काम करताना सापडला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये याच साळुंक्याने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पाश्चात्त्य नटाला पात्र शून्यातून उभे करावे लागत होते. साळुंक्याला तसे नव्हते. तारामती कोण, तिला का रडायचे आहे, रोहिदासाचे काय झाले, हे प्रेक्षकाला लहानपणापासून कीर्तनांतून ठाऊक होते. विभाव तिकीट काढण्याआधीच प्रेक्षकाच्या मनात तयार होता. म्हणून पौराणिक मूकपटात नटावर स्वभाव बांधण्याचा भार हलका होता, आणि संकेत-उद्गारांची भाषा आपल्याकडे अधिक काळ टिकली. त्यात मागासलेपणा पाहण्याचे कारण नाही. प्रेक्षकाशी करार वेगळा होता.

फाळक्यांना चेहऱ्याच्या भाषेत स्वतंत्र रस होता याचा पुरावा ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये आहे. कृष्ण झालेली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी चित्रपटाच्या आरंभी गोष्टीबाहेर जाऊन, निव्वळ चेहऱ्याने, एकामागून एक भाव करून दाखवते. हे एक प्रकारचे प्रात्यक्षिकच. येथे विभाव नाही, गोष्ट नाही. आणि खरे सांगायचे तर तिचा खोडकरपणा या प्रात्यक्षिकापेक्षा पुढे गोष्टीत अधिक खुलतो, कारण तिथे तिला करायला काहीतरी आहे.

सामाजिक विषय घेतल्यावर हा आयता विभाव संपला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपटे यांची कथा आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकाराच्या कर्जात जमीन जाते आणि तरुण शेतकरी शहरात मजुरीला लागतो. हा शेतकरी कोणत्याही पुराणात नव्हता. त्याची ओळख प्रेक्षकाला पडद्यावरच, त्याच्या घरातून, त्याच्या कामातून करून द्यावी लागणार होती. मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही; १९३६ मध्ये पेंटरांनीच केलेला बोलपट हा वेगळा चित्रपट. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले आणि त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतपतच धडपणे उरले. त्यामुळे आपल्या मूकाभिनयाविषयीचे कोणतेही सर्वसाधारण विधान जपूनच करावे लागते.

जिथे शरीर पुरत नाही

शरीर वर्तमानकाळात बोलते. ‘काल’, ‘कदाचित’, ‘जर’, ‘नाही म्हणून नव्हे, पण’ हे शरीराला सांगता येत नाही. नावे आणि नाती सांगता येत नाहीत. तिथे पाटी येते. आपल्याकडे ती एकाहून अधिक भाषांत असे, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभा राहून कथन करणारा बेन्शी हा नटांइतकाच लोकप्रिय होता. म्हणजे तिथला मूकपट प्रेक्षकाच्या अनुभवात मूक नव्हताच.

या मर्यादेशी सर्वांत चिवट झुंज चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ मध्ये दिली. तो ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. दीड महिन्यातच मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलपट लागणार होता. प्रश्न असा: फुले विकणाऱ्या आंधळ्या मुलीचा, समोरचा भणंग हा श्रीमंत माणूस आहे, असा गैरसमज कसा व्हावा? हा गैरसमज आवाजातून व्हायला हवा, कारण तिला दिसत नाही. आणि चित्रपटात बोलणे ऐकू येत नाही. या एका भेटीचे चित्रण तीनशेहून अधिक वेळा झाले, महिन्यांमागून महिने गेले. शेवटी सापडलेली वाट अशी: पोलिसाला टाळण्यासाठी भणंग रस्त्यात उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्याने बाहेर पडतो, दार मिटते, मुलीचे डोके त्या दिशेला वळते. आपण दार मिटताना पाहतो आणि तिने ते ऐकले हे तिच्या मानेवरून ओळखतो. फूल हातात असते. मग खरा मालक येतो, मोटार निघून जाते, आणि सुटे पैसे न घेताच तो गेला असे तिला वाटते. तिच्या समोर उभा असलेला भणंग आवाज न करता मागे सरकतो. व्हर्जिनिया चेरिल यांना या दृश्यात करायचे आहे ते एकच, ऐकणे. आणि ऐकणे हे दिसणाऱ्या क्रियांपैकी सर्वांत कमी दिसणारी क्रिया आहे.

बोलपटाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मायक्रोफोन जागचा हलत नसे. तो फुलदाणीत, टेबलावरच्या दिव्यात दडवत आणि नट त्याच्याभोवती खिळून बोलत. वाक्ये आली. पुसायचे ताट, पिळायची बोटे, चालायचा जिना यांसाठी फ्रेममध्ये जागा राहिली नाही. हलणारा मायक्रोफोन आल्यावर ती हळूहळू पुन्हा मिळू लागली, आणि तोवर ते काम येणारे बरेच नट घरी बसले होते.